खिशातील संगणक आणि त्याची भाषा
(अभ्यासवर्गातील भाषण)

साधने कोणाच्या मालकीची, हा प्रश्न जुना आहे. साधन विकत घेऊनही ते आपले होत नाही, हा अनुभव मात्र अलीकडचा. तो समजून घेण्यासाठी एका जुन्या यंत्राकडे पाहावे.

इंग्लंडमधील सायऑन कंपनीने १९८६ साली 'ऑर्गनायझर टू' हा तळहातावर मावणारा संगणक बाजारात आणला. पडदा दोन ओळींचा, ओळीत १६ अक्षरे. साध्या प्रतीची स्मृती अवघी ८ किलोबाइट. पण त्याच्या मुख्य यादीत दैनंदिनी व गणकयंत्र यांच्या शेजारीच 'प्रोग' हा शब्द होता. तो निवडला की ओपीएल ही भाषा हाती येई. आज्ञावली रचण्यासाठी दुसरा संगणक लागत नसे.

नवशिक्याचा पहिला धडा साधा असे. आज्ञावलीला नाव द्यायचे, 'लोकल' म्हणून दोन संख्यांना जागा राखायची, 'इनपुट'ने कामाचे तास व दर विचारायचे, 'प्रिंट'ने गुणाकार दाखवायचा आणि मग 'गेट' लिहायचे. हे 'गेट' विसरले की उत्तर क्षणभर चमकून नाहीसे होई, कारण कळ दाबली जाईपर्यंत थांब, असे यंत्राला कोणी सांगितलेलेच नसे! यंत्र सांगितले तेवढेच करते, हे दहा व्याख्यानांनी न उमगणारे सत्य त्या एका चुकीने उमगे. कळफलक वर्णक्रमाने मांडलेला असल्याने टंकलेखन येणाऱ्याचीच बोटे अधिक अडखळत, ही त्यातली गंमत.

हे यंत्र कष्टकऱ्यांसाठी निर्माण झाले नव्हते. मोठ्या दुकानांनी व कचेऱ्यांनी ते घेतले. तरीही ज्याच्या हाती ते पडे, त्याला आपल्या मजुरीचा हिशेब कारकुनावर न सोपवता स्वतः रचलेल्या आज्ञावलीने ताडून पाहता येत असे. ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

२००१ साली सायऑनने या बाजारातून अंग काढून घेतले. पुढे २००८ साली ॲपलने आयफोनसाठी आज्ञावल्यांचे स्वतःचे दुकान उघडले. तेथे काय ठेवायचे हे कंपनीच ठरवू लागली. एप्रिल २०१० मध्ये, मुलांनी 'स्क्रॅच' भाषेत रचलेले खेळ चालवून दाखवणारी एक आज्ञावली त्या दुकानातून हटवण्यात आली. कंपनीच्या नियमांत ती बसत नव्हती. नियम त्याच वर्षी सैल झाले, आणि आज त्याच फोनवर पायथनही शिकता येते. परंतु ही मुभा कंपनीने दिलेली आहे. ऑर्गनायझरवर शिकणाऱ्याला अशी मुभा कोणाकडे मागावीच लागत नव्हती.