बेल्टचा आवाज आणि प्रयोगवही

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला दहा मिनिटं दिली आणि "तुझ्या धंद्यातलं काहीतरी बोल" एवढंच सांगितलं. मी गॅरेजमधल्या गमतीजमती सांगायच्या ठरवून आलो होतो. पण सकाळी मी गेटाशी चहा घेत उभा असताना एक जुनी पांढरी गाडी किंचाळत आत आली. चिंचेवरची पाखरं उडाली. गाडी कोणाची ते मी सांगणार नाही, मालक इथेच बसलाय आणि आत्ता खाली बघतोय. त्याला मी विचारलं, "आवाज कधीपासून आहे?" तो म्हणाला, "असतो रे सकाळी, नंतर बंद होतो." हे वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे. म्हणून गमती राहू देत, आज या आवाजाबद्दलच बोलतो.

जुन्या गाडीत इंजिनाच्या पुढच्या तोंडाला एक रबरी पट्टा असतो. त्याला आपण फॅन बेल्ट म्हणतो. इंजिनाची मोठी पुली तो फिरवतो असं पुष्कळांना वाटतं, पण ते उलटं आहे. इंजिन पट्ट्याला फिरवतं, आणि पट्टा पुढे वॉटर पंप, पंख्याचं पातं आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर यांना फिरवतो. हा पट्टा पुलीला तळाने धरत नाही, दोन्ही कडांनी धरतो. पुलीची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते आणि पट्टा तिच्यात पाचरीसारखा रुततो. कडा झिजल्या की पट्टा खोल बसतो, तळाला टेकतो आणि घसरतो. घसरला की ओरडतो. शास्त्राच्या सरांनी घर्षणाचा धडा शिकवला तेव्हा मी मागच्या बाकावर पेरू खात होतो. नंतर आयुष्यभर त्याच धड्यावर पोट भरलं.

आता सकाळीच का ओरडतो? रात्रभर थंड पडलेली डिझेल गाडी सुरू करताना हीटर प्लग आणि सेल्फ मिळून बॅटरी बरीच खातात. इंजिन सुरू झालं की ती भरून काढायला अल्टरनेटरला जोर लागतो, म्हणजे तो फिरायला जड होतो. त्यात पट्टा गारठलेला आणि दवाने ओला. तो घसरतो, किंचाळतो. पाच मिनिटांनी बॅटरी भरत आली की अल्टरनेटर हलका होतो आणि आवाज जातो. आवाज गेला, पण दुखणं गेलेलं नसतं.

म्हणून आवाज कधी येतो हे पहिलं विचारायचं. हेडलाइट आणि वायपर लावल्यावर वाढला तर अल्टरनेटरच्या बाजूला बघायचं. स्टिअरिंग कडेपर्यंत वळवल्यावर ओरडली तर पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा पट्टा. एसी लावल्याबरोबर ओरडली तर कॉम्प्रेसरचा. आणि लांब किंचाळी नसून चिमणीसारखं चिक्‌-चिक्‌ असेल, रेस वाढवल्यावर तेही भरभर होत असेल, तर बहुतेक पुल्या एका रेषेत नाहीत. अशा वेळी पट्टा कितीही ताणा, उपयोग नाही.

एक सोपी परीक्षा आहे. फवाऱ्याच्या बाटलीतलं साधं पाणी, लांब उभं राहून, चालत्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर मारायचं. आवाज क्षणभर थांबून परत आला तर रेषेचा दोष. पाण्याने आवाज वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे ढिला आहे, झिजलाय, नाहीतर त्याला कुठूनतरी तेल लागलंय.

आता जे सांगायला मी उठलोय ते सांगतो.

१९९८ साली माझं गॅरेज तिसऱ्या वर्षात होतं. आयटीआय करून, कराडला दुसऱ्याच्या हाताखाली राबून स्वतःचं टाकलेलं, त्यामुळे अंगात मस्ती होती. आपल्या वर्गातला एक मित्र तेव्हा वडाप जीप चालवायचा. तिसऱ्या रांगेत बसलाय, त्याला विचारूनच बोलतोय. त्याची जीप सकाळी ओरडायला लागली. मी बॉनेट उघडलं, अल्टरनेटरचा बोल्ट ढिला केला, टॉमीने रेटून पट्टा ताणला, बोल्ट आवळला. आवाज बंद. वीस रुपये. दहा दिवसांनी तो परत आला, मी परत ताणला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी पट्टा असा ताणला की बोट मारलं तर एकतारीसारखा वाजला. मला त्याचं कौतुकच वाटलं.

त्या तिसऱ्या वेळी तो सहज म्हणाला होता, "आठवड्याला लिटरभर पाणी घालावं लागतंय रे." मी म्हणालो, "उन्हाळा आहे, लागणारच." त्या वाक्यावर मी थांबायला हवं होतं. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी त्यातून ठिबकतं आणि पंपाच्या अंगावर पांढरट, तांबूस ओघळ दिसतो. तिथे बॅटरी दाखवून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. पंपाचं बेअरिंग जाम होत चाललं होतं, गळणारं पाणी पट्ट्यावर उडत होतं, म्हणून पट्टा घसरत होता. मी पट्टा ताणून त्याचं तोंड बंद केलं आणि मरत्या बेअरिंगवर आणखी ओझं घातलं.

जुलैत त्याचे वडील बहिणीकडे खाली कोकणात गेले होते. तिथे छातीत दुखायला लागलं. चिपळूणच्या डॉक्टरांनी कराडला हलवायला सांगितलं. हा रात्री जीप घेऊन गेला, वडिलांना मागच्या सीटवर निजवलं आणि पावसात कुंभार्ली घाट चढायला लागला. निम्म्या घाटात पंपाचा दांडा तुटला. पंखा त्याच दांड्यावर असतो, तो सुटून रेडिएटरमध्ये घुसला. पाणी सगळं रस्त्यावर. रात्रीचा एक वाजलेला, मोबाइल कोणाकडे नाही. दोन तास त्याने वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन काढले. मग एक ट्रक थांबला आणि ड्रायव्हरने त्यांना केबिनमध्ये घेऊन कराडला पोचवलं. अण्णा वाचले. पुढे अकरा वर्षं जगले. पण त्यात माझं काहीच नाही, तो ट्रकवाल्याचा मोठेपणा.

चौथ्या दिवशी हा गॅरेजवर आला. मला वाटलं आता मारणार. त्याने पिशवीतून तुटका पंप काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आवाज बंद करायला नव्हतो आलो रे. गाडी दाखवायला आलो होतो." चहा पण न घेता गेला. तो पंप अजून माझ्या फळीवर आहे. गिऱ्हाइकं विचारतात, मी सांगतो जुना आहे. खरं कारण आज पहिल्यांदा सांगतोय.

आठवीत सरांनी माझी प्रयोगवही फेकली होती, कोणाला आठवतंय? उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. मी मित्राच्या वहीतून अनुमान आधी उतरवलं होतं आणि निरीक्षणाची जागा कोरी ठेवली होती. सर म्हणाले होते, "न बघताच कळलं का तुला?" सर, चौदा-पंधरा वर्षांनी मी परत तेच केलं. तेव्हा वही फेकायला तुम्ही नव्हतात.

तेव्हापासून माझ्याकडे ओरडणारी गाडी आली की आधी इंजिन बंद. किल्ली मालकाच्या हातात नाही, माझ्या खिशात. पट्ट्यात आणि पंख्यात बोटं गेलेली दोन पोरं मी पाहिली आहेत. मग लांबच्या पल्ल्याच्या मधोमध अंगठ्याने पट्टा दाबायचा. साधारण दहा-बारा मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंचभर दबला तर ठीक. जास्त दबला तर ढिला, दबलाच नाही तर माझ्यासारख्या शहाण्याने ताणलाय. पट्टा पिळून कडा बघायच्या. काचेसारख्या चकाकत असतील, चिरा असतील, तर तो बदलायचा. पट्टा तेलकट असेल तर आधी गळती शोधायची, नाहीतर नवाही महिन्यात तसाच होतो.

मग पट्टा काढायचा. हे काम लोक टाळतात, पण सगळं इथेच कळतं. एकेक पुली हाताने फिरवायची. खरखर लागते का? पंखा धरून पुढे-मागे हलवायचा. लपका लागला तर पंप गेला. शंका उरली तर पट्ट्याशिवाय इंजिन अर्धा मिनिट चालवायचं. जास्त नको, पाणी फिरत नसतं. आवाज राहिला तर तो इंजिनाचा, गेला तर पट्ट्याच्या वाटेवरचा. नवा पट्टा स्क्रू ड्रायव्हरने उपटून पुलीवर चढवू नका, आतले धागे तुटतात. अल्टरनेटर ढिला करूनच घाला, आणि आठवडाभर गाडी चालली की ताण पुन्हा बघा, कारण नवा पट्टा थोडा सैल पडतोच. साबण, खडू, बाजारातला फवारा यांनी आवाज दोन दिवस दबतो. गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून काही जण मारतात. मी मारत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गाड्यांत आता एकच लांब, धारीधारींचा पट्टा असतो आणि त्याला स्प्रिंगवाला टेन्शनर असतो. तिथे हाताने ताणायची सोय नसते. स्प्रिंग थकली की पट्टा कितीही नवा घाला, ओरडणारच. आणि हल्लीच्या पट्ट्यांच्या रबराला सहसा चिरा पडत नाहीत, धारी टायरसारख्या झिजतात. तेव्हा "चिरा नाहीत, म्हणजे चांगला आहे" असं कोणी सांगितलं तर धारींवरून बोट फिरवून बघा.

माझा तो मित्र आजही गाडी माझ्याकडेच आणतो. का, ते मी त्याला विचारलेलं नाही.

दहा मिनिटं कधीच झाली, बाई घड्याळ बघतायत. जेवणात पुरणपोळी आहे असं ऐकलंय, ती सोडू नका. पण जेवण झालं की त्या पांढऱ्या गाडीच्या मालकाने चिंचेखाली यावं. बॅटरी माझ्याकडे आहे, पाना आणि पाण्याची बाटली मुलाला आणायला सांगितली आहे. येताना आठवून ये, गेल्या महिन्यात रेडिएटरमध्ये किती वेळा पाणी घातलंस. आणि किल्ली माझ्याकडे दे.