स्वयंचलित गिअर आणि चालकाचा संयम

मोटार हांकण्याच्या विद्येंत नवशिक्याची खरी परीक्षा होते ती क्लच आणि गिअर ह्यांच्या जोडींत. डावा पाय केव्हां सोडावयाचा, उजवा किती दाबावयाचा, आणि त्याच क्षणीं हातानें दांडा कोणत्या खांचेंत न्यावयाचा, हें साधेपर्यंत गाडी आचके देते, बंद पडते, आणि मागची मंडळी भोंगे वाजवूं लागतात. ही सारी यातायात जिनें नाहींशी केली ती स्वयंचलित गिअरपेटी. आपल्या शहरांतील पुष्कळ गाड्यांत ती आतां दिसते, आणि तिच्याबरोबर एक समजूतही घरांत शिरली आहे: चालकास आतां करावयाचें असें कांहीं उरलें नाहीं. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहावयाचें असेल, तर अमेरिकेंतील त्या दांडग्या मोटारींकडे पाहावें, ज्यांचें इंजिन मुद्दाम फेरफार करून पांचशें, हजार अश्वशक्तीपर्यंत नेलेलें असतें आणि ज्यांची गिअरपेटी मात्र स्वयंचलितच ठेवलेली असते.

ह्या पेटीचें मर्म समजण्यास अवघड नाहीं. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवावे आणि एकच चालू करावा. त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. वाऱ्याच्या जागीं तेल कल्पावें, पहिला पंखा इंजिनास व दुसरा गिअरपेटीस जोडला आहे असें धरावें, म्हणजे क्लचचें काम तेलानें कसें केलें तें ध्यानांत येईल. ही युक्ति हेर्मान फटिंगर ह्या जर्मन इंजिनिअरानें विसाव्या शतकाच्या आरंभीं काढली, ती मोटारींसाठीं नव्हे, तर जहाजांसाठीं. दोन पंख्यांच्या मध्यें स्थिर पात्यांचें एक तिसरें चक्र बसविलें, तर परत येणारें तेल योग्य दिशेनें वळतें आणि गाडी सुटतांना इंजिनाचा पीळ जवळजवळ दुप्पट होऊन पुढें जातो. ह्या योजनेस टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. जनरल मोटर्सनें १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक पेटी दिली, ती तेलाच्या साध्या जोडणीवर चालणारी होती. १९४८ साली ब्यूइक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर आला, आणि १९५० साली शेव्हरोले गाड्यांत दोनच वेगांची पॉवरग्लाइड पेटी आली.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियांतील तरुणांना जुन्या गाड्यांत मोठीं इंजिनें बसवून धांवण्याचा छंद जडला होता. कोरड्या सरोवरांच्या तळावर आणि, दुर्दैवानें, सार्वजनिक रस्त्यांवरही त्यांच्या शर्यती चालत. ह्या उत्साहास शिस्त लावण्यासाठीं वॉली पार्क्स ह्यांनीं १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली, आणि १९५३ साली पोमोना येथें तिची पहिली अधिकृत शर्यत झाली. सरळ पट्टी, पाव मैल म्हणजे सुमारें ४०२ मीटर अंतर, आणि एका वेळीं दोनच गाड्या, असें तिचें साधें रूप. आरंभीं तेलाच्या पेटीस हे तरुण हंसत. तिच्यांत शक्ति वायां जाते हा त्यांचा आक्षेप खोटाही नव्हता. परंतु गिअर बदलतांना हिच्यांत शक्तीचा प्रवाह तुटत नाहीं, आणि प्रत्येक धांव मागच्या धांवेसारखीच होते, हें जसजसें अनुभवास आलें तसतसें मत पालटलें. पॉवरग्लाइड पेटी कारखान्यानें १९७३ साली बंद केली. तरी हलकी, साधी आणि एकदांच गिअर बदलणारी म्हणून शर्यतवाले आजही तिच्याच घडणीवर बळकट पेट्या तयार करून घेतात.

अशा गाडीवर बसलेल्या चालकाचें काम पाहावें. टॉर्क कन्व्हर्टरनें पीळ दुप्पट केला आणि पहिल्या गिअरनें तो सुमारें पावणेदोन पट केला, तर मागच्या आंसापर्यंत पोंचण्यापूर्वींच तो साडेतीन पट झालेला असतो. तो हळूहळू सोडण्यास क्लच नाहीं. आहे तो फक्त उजवा पाय. म्हणून शर्यतीच्या पेटींत ट्रान्सब्रेक नांवाची योजना असते. चालक एक बटन दाबून धरतो, त्यामुळें पुढचा आणि उलटा असे दोन्ही गिअर एकाच वेळीं गुंततात आणि गाडी जागच्या जागीं जखडून राहते. इंजिन गरजत असतें, तेल घुसळत असतें, आणि बोट उचलतांच गाडी सुटते.

ह्या घुसळण्यास मर्यादा आहे. गाडी जखडलेली असतां इंजिनाची सर्व शक्ति तेलांत उष्णतारूपानें उतरते. २०० अश्वशक्ति म्हणजे सुमारें १५० किलोवॅट. पेटींत दहा लिटर तेल आहे असें धरलें, तर तें दर सेकंदास सुमारें ९ अंश सेंटिग्रेड तापावें असें साधें गणित सांगतें. म्हणजे दहा सेकंदांचा हट्ट पेटीचा नाश करण्यास पुरेसा आहे. जाणता चालक बटन दोन-तीन सेकंदांपेक्षां अधिक दाबून ठेवीत नाहीं, आणि तेल थंड करणारी जाळी बसविल्यावांचून इंजिनाची शक्ति वाढवीत नाहीं.

ह्या शर्यतींचा एक प्रकार तर विशेष बोधप्रद आहे. त्यांत आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत कापील तें चालकानें आधींच लिहून द्यावयाचें असतें. मंद गाडीस तितका वेळ आधीं सोडतात. लिहिलेल्या वेळाहून गाडी लवकर पोंचली, तर सामान्यतः ती हरलीच! १९६३ पासून वापरांत असलेल्या दिव्यांच्या खांबावर पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदानें लागतात. शेवटचा पिवळा दिसतांच अनुभवी चालक बोट उचलतो, कारण हिरव्याची वाट पाहिली तर उशीर होतो आणि हिरव्यापूर्वीं चाक हललें तर लाल दिवा लागतो. येथें जिंकतो तो सर्वांत दांडग्या गाडीचा धनी नव्हे, तर आपली गाडी आज, ह्या हवेंत, ह्या टायरांवर काय करील हें अचूक जाणणारा. पेटी स्वयंचलित झाल्यानें त्याचें काम संपलें नाहीं. तें गाडी सुटण्याच्या आधीं सरकलें.

जेथें ही पूर्वतयारी अपुरी पडते तेथें किंमत मोठी असते. ८ मार्च १९७० रोजीं लॉन्ग बीच येथील पट्टीवर प्रख्यात शर्यतपटू डॉन गार्लिट्स ह्यांच्या गाडीची दोन वेगांची गिअरपेटी सुटतांनाच फुटली. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा भाग तुटला. हा मनुष्य मात्र खचला नाहीं. इंजिन चालकाच्या पाठीमागें असलेली नवी गाडी त्यांनीं बांधली, १९७१ साली तिच्यावर विजय मिळविले, आणि पुढें त्या वर्गाच्या सर्वच गाड्या त्या धर्तीवर होऊं लागल्या. आज अतिवेगवान स्वयंचलित गाड्यांच्या पेटीभोंवतीं संरक्षक कवच असावें लागतें, आणि दांडा चुकून उलट्या गिअरमध्यें जाऊं नये म्हणून अटकावही लागतो. ह्या प्रत्येक नियमामागें कोणाच्या तरी शरीरावर झालेली जखम आहे.

पट्टी सरळ आणि कोरडी असते. रस्ता तसा नसतो. पावसानें भिजलेल्या वळणावर चालकानें अ‍ॅक्सिलरेटर किंचित् अधिक दाबला, कीं स्वयंचलित पेटी त्याचा अर्थ ‘वेग पाहिजे’ असा घेते आणि खालचा गिअर टाकते. साध्या गाडींत त्यानें थोडा आवाज वाढतो. पांचशें अश्वशक्तीच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडींत त्याच क्षणीं चाकांची पकड सुटते आणि गाडी आडवी होते. पेटीचा ह्यांत दोष नाहीं. तिला पाय कळतो, वळण कळत नाहीं. म्हणून वळणापूर्वींच वेग कमी करावा, खालचा गिअर हातानें निवडून ठेवावा, आणि चाक सरळ होत जाईल त्या मानानेंच उजवा पाय दाबावा. डाव्या पायास विश्रांति द्यावी. क्लचची संवय असलेला पाय अवचित ब्रेकवर पडला, तर गाडी जागीं थबकते आणि मागचें वाहन येऊन आदळतें.

आपल्याकडेही तरुण मंडळींना गाडीचें इंजिन वाढविण्याची हौस आहे. तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. यंत्राची आवड ही चांगलीच आवड होय. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत असे फेरफार करूं देत नाहीं, आणि १८९ वें कलम सार्वजनिक जागीं परवानगीवांचून वेगाच्या शर्यती लावणें हा गुन्हा ठरवितें. तेव्हां ही हौस बंदिस्त पट्टीवरच फेडावी. आणि मुलानें किंवा मुलीनें ह्या कामीं पैसे मागितले, तर घरांतील वडील माणसांनीं खर्चाचा क्रम मात्र ठरवून द्यावा: आधीं टायर, मग ब्रेक, मग तेल थंड करणारी जाळी, मग चांगल्या शिक्षकाकडून पट्टीवर घेतलेले धडे. इंजिनाची पाळी त्यानंतर. हा क्रम जो आनंदानें पाळील त्याच्या हातीं दांडगी गाडी देण्यास हरकत नाहीं.