घरकामास येणारी बाई आणि आपली सही
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजचा माझा विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. शिरूर असो वा दौंड, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी धुणीभांडी व केरफरशी करण्यास कोणी बाई येते. रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती झाल्यापासून नोकरदारांची बिऱ्हाडे वाढली आणि या कामाची गरजही वाढली. परंतु कायद्याच्या दृष्टीने ती बाई आपली कोण, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो.

प्रथम माझीच चूक सांगतो. आमच्या घरी अनेक वर्षे काम करणाऱ्या बाईंनी एकदा एक कागद पुढे ठेवला. ‘दादा, एवढी सही द्या,’ त्या म्हणाल्या. सही केल्यास प्राप्तिकराचे वा भविष्य निर्वाह निधीचे लचांड मागे लागेल, या भयाने मी ‘पाहू, पाहू’ म्हणत दिवस काढले. तेवढ्यात त्यांची साठी उलटली आणि नोंदणीचा मार्ग बंद झाला. माझे भय किती निराधार होते, हे मजला नंतर उमगले.

१९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला, तेव्हापासून त्यांच्या हक्कांची चळवळ उभी राहिली. पुढे २००८ साली महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम झाला. त्याखाली १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते. प्रसूतीसाठी साहाय्य, मृत्यूनंतर अंत्यविधीसाठी मदत, ५५ वर्षे पूर्ण केलेल्या नोंदीत कामगारास १०,००० रुपये सन्मानधन, अशा योजना या मंडळामार्फत राबविल्या गेल्या आहेत. मात्र नोंदणीच्या अर्जासोबत, ही बाई आमच्याकडे काम करते, असे घरमालकाचे प्रमाणपत्र लागते. तिचा मार्ग आपल्या उंबऱ्यावरच अडतो, तो असा.

आता करांविषयी. भविष्य निर्वाह निधीचा कायदा सामान्यतः वीस वा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनांस लागू होतो, कुटुंबास नव्हे. तिची मिळकत प्राप्तिकराच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. व्यवसाय कराबाबत पाहता, २०२३ पासून महाराष्ट्रात मासिक २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांस तो माफ आहे. तिला दिलेले वेतन हा आपला घरखर्च होय. तो आपल्या उत्पन्नातून वजा होत नाही. म्हणून दुकानदार बांधवांनी घरच्या बाईचा पगार दुकानाच्या खात्यावर दाखवू नये. आणि तिच्याकडून दुकानही झाडून घेत असल्यास त्या कामापुरती ती दुकानाची नोकर ठरते, हे विसरू नये.

अमेरिकेत ठराविक रकमेहून अधिक वेतन देणाऱ्या गृहस्थास सामाजिक सुरक्षेचा कर स्वतः भरावा लागतो. आपल्याकडे तसा भार नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदा करण्याचा विचार करण्यास समिती नेमावी, असे केंद्र सरकारला सांगितले. तो कायदा होईल तेव्हा होवो. आपले कर्तव्य त्यासाठी थांबू नये.

बंधुभगिनींनो, पूर्वी गावगाड्यात बलुतेदाराचा वाटा खळ्यावर ठरलेला असे. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता, परंतु वाटा आहे एवढे तरी सर्वांस ठाऊक असे. आज आपल्या घरी राबणाऱ्या स्त्रीचा वाटा कोठेच लिहिलेला नसतो. आणि आपल्याही ज्ञातीतील काही भगिनी परक्यांच्या घरी पोळ्या लाटून संसार सावरतात, हे आपण जाणतोच. त्यांच्याकरिता जे मागावे, तेच आपल्या दारी आलेल्या बाईस द्यावे.

माझी विनंती एवढीच : वेतन, कामाचे तास व साप्ताहिक सुटी एका वहीत लिहून ठेवावी, आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापू नयेत, आणि तिने कागद पुढे केल्यास त्याच दिवशी सही करावी. तिने न मागितल्यास आपण होऊन विचारावे. सहीस पैसा लागत नाही. उशिराची किंमत मात्र तिला भरावी लागते.