गाईच्या पोटातला लोहचुंबक

मंडळी, गाय वैरण नीट चावत बसत नाही; आधी गिळते अन् मग सावकाश रवंथ करते. त्यामुळे कडब्यातला खिळा, तारेचा तुकडा तिला कळतच नाही. तो अडकतो पोटाच्या जाळीदार कप्प्यात. तिथून काळीज कितीसं दूर? मध्ये एक पातळ पडदाच काय तो! पोट आवळलं की तार आरपार घुसते.

म्हणून गुरांचे डॉक्टर दुखणं येण्याआधीच बोटाएवढा गुळगुळीत लोहचुंबक गाईला गिळवतात. तो त्याच कप्प्यात जन्मभर बसतो आणि लोखंड चिकटवून धरतो. कसं म्हणाल, तर लोखंडात अतिसूक्ष्म चुंबकांचे गट असतात. पण त्यांची तोंडं दाही दिशांना. चुंबक जवळ आला की ती एकीकडे वळतात, आणि खिळा स्वतःच चुंबक बनतो. गुरुजींनी चुंबकाला खिळा, त्या खिळ्याला दुसरा लहान खिळा लटकवून मुलांना हे दाखवावं. तांबं-पितळ मात्र दाद देणार नाही. अन् खोल रुतलेली तार निघेलच असंही नाही. तेव्हा कुट्टी गव्हाणीत टाकण्याआधी तिच्यातूनही एक चुंबक फिरवा.