शून्याचा हिशेब



आज शून्यावर बोलणार आहे. कामाच्या जागी बायांचा लैंगिक छळ किती, याचा अहवाल कायद्याप्रमाणे दरवर्षी द्यावा लागतो. कितीतरी ठिकाणांहून उत्तर जातं : तक्रारी शून्य. साहेब खूश. मला धडकी भरते. तक्रार नाही म्हणजे छळ नाही, असं म्हणायचं तर वाड्यावर वेठ करणाऱ्यांनी अर्ज केला नाही, म्हणून वेठही नव्हती म्हणा!

‘तुझा छळ झाला का?’ असं विचारलं की बाई मान खाली घालते. 1988 साली अमेरिकेत लुईस फिट्झजेरल्ड आणि सहकाऱ्यांनी प्रश्नावली मांडली. त्यात एकेक कृत्य विचारलं. घाणेरडे विनोद? नको असताना हात लावला? बढतीच्या बदल्यात मागणी? ‘छळ’ हा शब्द अगदी शेवटी. मोजायचं ते असं.

आणि हा कायदा काही आभाळातून पडला नाही. राजस्थानातल्या भटेरीची भंवरीदेवी, जातीनं कुंभार. सरकारी ‘साथिन’ म्हणून बालविवाह अडवायची. 1992 साली गावातल्या वरचढ जातीच्या पुरुषांनी तिच्यावर बलात्कार केला. 1995 साली खालच्या कोर्टानं आरोपी सोडले. वरच्या जातीचा माणूस असल्या बाईला शिवेल कसा, हे तर्कट! पाणी प्यायला विटाळ, याला विटाळ नाही. तिच्यामुळं 1997 चा विशाखा निकाल आला, मग 2013 चा कायदा. आता अहवालाचे रकाने बघा : तक्रारी किती, निकाली किती, 90 दिवसांवर लटकल्या किती, कार्यशाळा किती, कारवाई कसली. जातीचा रकाना नाही. जात बघून हात पुढं आला, ती जात कागदावरून पुसली.

1980 साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. त्यांच्यासाठी, आणि 10 पेक्षा कमी कामगार असतील तिथं, जिल्ह्याची स्थानिक समिती. पण कलम 11 वाचा. मोलकरणीची तक्रार प्रथमदर्शनी खरी वाटली की 7 दिवसांत पोलिसांकडे. हिंजवडीतल्या बाईला समितीची चौकशी, आपल्या आईला चौकी! प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमा, हे सुप्रीम कोर्टाला डिसेंबर 2024 मध्ये सांगावं लागलं. कायद्याला 11 वर्षं होऊन.

तेव्हा वस्तीवस्तीत चिठ्ठ्या वाटू. नाव नको. जात लिहायची का, ते बाईनं ठरवायचं. पोरांनी गोळा करायला जाऊ नये, पोरी जातील. चिठ्ठीच्या मागं मुदत छापा : तीन महिने, आणि उशिराचं कारण पटलं तर आणखी तीन.