आकडा उरतो, डाव जातो

2025च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक आपल्या गोव्यात, हडफड्याला झाला. 206 खेळाडू आले आणि उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव जिंकला. त्या दिवसांत आमच्या पाळी गावात चहाच्या गाड्यावरही पेपर उघडला की एक प्रश्न हमखास यायचा: खेळाडूच्या नावापुढे हा 2700चा आकडा कसला?

तो आकडा म्हणजे एलो गुणांकन. आर्पाद एलो हे जन्माने हंगेरियन, अमेरिकेत मिल्वॉकीला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि स्वतः चांगले खेळाडू. त्यांची पद्धत जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, 1970च्या सुमारास स्वीकारली.

आता मला ज्याने वेड लावलं ते सांगतो. समजा, एक खेळाडू 1700चा आणि दुसरा 1500चा. दोनशेचा फरक असला की शंभर डावांत वरच्याने साधारण शहात्तर गुण मिळवावेत, असं गणित म्हणतं. म्हणून वरचा जिंकला तर त्याच्या गुणांकनात जेमतेम पाचची भर. खालचा जिंकला तर त्याला पंधरा! बरोबरी झाली तरी खालच्याचे पाच वाढतात आणि वरच्याचे पाच जातात. पुन्हा सांगतो, कारण इथेच सगळी मेख आहे: नुसतं जिंकून भागत नाही, कोणाला हरवलं ते महत्त्वाचं.

आणि गंमत पुढेच आहे. अठरा वर्षांखालच्या, 2300च्या आतल्या मुलांना हीच देवघेव दुप्पट दराने होते. तोच डाव पोराने मारला तर त्याला तीस मिळतात आणि समोरच्या काकांचे पंधरा जातात. स्पर्धेत दोन वेण्यांची मुलगी समोर येऊन बसली की पन्नाशीचे गृहस्थ उगाच पाणी का पितात, ते आता कळलं ना? माझे मामा तर पेअरिंगचा कागद लागला की आधी समोरच्याचं वय विचारायचे, मग नाव.

ग्रँडमास्टर व्हायला 2500 गुण आणि तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धेतली ठरावीक दर्जाची कामगिरी, लागतात. नॉर्मचे नियम पानंच्या पानं आहेत, ते सोडून देऊ. गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर अनुराग म्हामल, साल 2017. दुसरा लिऑन मेंडोन्सा. त्याची गोष्ट ऐका. 2020च्या मार्चमध्ये तो वडिलांबरोबर युरोपात होता आणि टाळेबंदीत तिथेच अडकला. तेरा-चौदा वर्षांचं पोर! परतता येईना, तर तो खेळत राहिला. डिसेंबरपर्यंत सोळा स्पर्धा झाल्या आणि 2452चे 2544 झाले. दोन नॉर्म बुडापेस्टला, म्हणजे एलोंच्याच मायदेशात, आणि तिसरा इटलीत. पुढे 2024मध्ये वाइक आन झे स्पर्धेच्या चॅलेंजर्स गटात तो पहिला आला.

भक्ती कुलकर्णीही आपलीच. 2016 साली आशियाई विजेती, मग लागोपाठ दोनदा राष्ट्रीय विजेती आणि 2022च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात.

पण हा आकडा किती हलका असतो, तेही ऐका. 2024च्या मार्चमध्ये फिडेने 2000च्या खालच्या सगळ्यांचे गुण एका फटक्यात वर ओढले. रात्री 1000 असलेला सकाळी 1400चा झाला, 1500चा 1700 झाला. एक प्यादंही न हलवता!

म्हणून माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. गुणांकनाला जय, पराजय आणि बरोबरी एवढंच कळतं. हत्ती देऊन मात केली की समोरच्याची वेळ संपली म्हणून जिंकलात, त्याला काही फरक पडत नाही. डाव जपते ती स्कोअरशीट. खेळाडू प्रत्येक चाल स्वतःच्या हाताने लिहितो. वरची प्रत आयोजकांकडे जाते, कार्बनची त्याच्याकडे राहते. ती नीट पाहा. पहिल्या दहा चाली सुबक अक्षरात असतात, तिसाव्या चालीला अक्षर पळू लागतं, एखादी चूक खोडलेली असते आणि शेवटी दोघांच्या सह्या. वेळ कुठे आटत गेली, ते अक्षरच सांगतं.

पूर्वी डाव संपला की दोघं व्हरांड्यात पट मांडून तो पुन्हा खेळायचे. हरलेला जास्त बोलायचा! आता दारातच मोबाईल निघतो: किती वाढले, किती गेले? पालकही तेच विचारतात. मला हे फारसं रुचत नाही.

तेव्हा डिचोली, पेडणे, सत्तरीतल्या पालकांना एक विनंती. ट्रॉफ्या कपाटात जपताच, तशा त्या कार्बनच्या प्रतीही तारीख घालून एका फायलीत लावा, रद्दीत देऊ नका. मुलाचे गुण फिडेच्या यादीत केव्हाही सापडतील. गावातल्या स्पर्धेत तो कसा खेळला, हे मात्र त्या कागदाखेरीज कुठेच मिळणार नाही.