आगीचा बंब आणि आपण



आगीचा बंब घंटा वाजवीत रस्त्यानें निघाला म्हणजे आपण क्षणभर थांबतों, कोठें लागली असेल असें शेजारच्या माणसास विचारतों, आणि आग आपल्या आळींत नाहीं एवढी खात्री पटली कीं पुढें चालूं लागतों. बंबावर बसलेल्या माणसांकडे निरखून पाहण्याची संवय आपल्याला नाहीं. 14 ते 20 एप्रिल हा आठवडा आपल्या देशांत दरवर्षीं अग्निशमन सेवेचा सप्ताह म्हणून पाळतात. त्या निमित्तानें मुंबईच्या अग्निशमन दलाविषयीं, आणि विशेषेंकरून त्या दलाचें व नागरिकांचें जें नातें आहे त्याविषयीं, चार गोष्टी आपल्यापुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

सप्ताहाचा आरंभ 14 एप्रिललाच कां, हें अनेक मुंबईकरांना ठाऊक नसतें. 1944 सालीं, महायुद्ध ऐन भरांत असतां, ‘फोर्ट स्टिकिन’ नांवाचें जहाज इंग्लंडांतील बर्कनहेड बंदरांतून निघून कराचीमार्गें मुंबईस आलें आणि 12 एप्रिलला व्हिक्टोरिया गोदींत लागलें. त्याच्या पोटांत सुमारें 1,400 टन स्फोटक माल होता, पेटींत बंद केलेलीं विमानें होतीं, सोन्याच्या विटा होत्या; आणि कराचीस त्यावर कापसाच्या हजारों गासड्या, लांकूड व तेलाचीं पिपें चढविण्यांत आलीं होतीं. कापूस आणि दारूगोळा यांचा शेजार किती वाईट, हें सांगायला तज्ज्ञ नको. परंतु युद्धकाळांत जहाजें थोडीं आणि माल फार, अशी स्थिति होती.

14 तारखेस, शुक्रवारीं, दुपारीं दोनच्या सुमारास जहाजाच्या दोन नंबरच्या खणांतून धूर येत असल्याचें ध्यानांत आलें. धक्क्यावरच्या माणसास दूरध्वनि लागेना, म्हणून त्यानें धोक्याच्या घंटेची कांच फोडली. आतां, घंटेला एवढेंच सांगतां येतें कीं येथें आग आहे. काय जळत आहे तें घंटा सांगत नाहीं. त्यामुळें प्रथम दोनच पंप धांवून आले. जहाजांत काय भरलें आहे हें कळल्यावर मागाहून बाकीचे आले. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स जातीनें हजर झाले. जहाजाच्या पोटांत सुमारें 900 टन पाणी ओतलें गेलें. परंतु आगीचें मूळ कोठें आहे हें धुरांत दिसेना, आणि पाणी जसजसें चढे तसतसा जळता कापूस त्यावर तरंगत वर वर, स्फोटकांच्या जवळ जाई. शत्रूशीं झगडतांना आपलेंच शस्त्र त्याच्या हातीं पडावें, तसा हा प्रकार झाला.

चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. ‘जलपद्म’ हें जवळचें प्रचंड जहाज उचललें जाऊन धक्क्यावर आदळलें. जळत्या कापसाचे गोळे दूरवर उडाले आणि जेथें पडले तेथें नवी आग लागली. मृतांची संख्या निरनिराळ्या अंदाजांप्रमाणें 800 पासून 1,300 पर्यंत सांगतात. त्यांत अग्निशमन दलाचे 66 लोक होते. स्फोट होणार नाहीं अशा समजुतीनें ते तेथें उभे नव्हते. पायांखालीं काय आहे हें कळल्यावरहि त्यांनीं हातांतल्या नळ्या सोडल्या नाहींत. भायखळ्याच्या मुख्य ठाण्यांत त्यांचें स्मारक आहे.

येथें थोडें विषयांतर करितों. त्या स्फोटाची गोष्ट निघाली म्हणजे लोक सोन्याच्या विटेची गोष्ट आवडीनें सांगतात. एक वीट मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या घरीं जाऊन पडली, त्यानें ती प्रामाणिकपणें परत केली, आणि पुढें कित्येक वर्षें गोदींतला गाळ काढतांना विटा सांपडत राहिल्या. गोष्ट खरी आहे आणि गोडहि आहे. मात्र विटांचा हिशेब ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना 66 हा आंकडा विचारून पाहावा. दुसरी एक गोष्ट मला या ध्वनिक्षेपकासमोर बसून सांगितलीच पाहिजे: मुंबई जळत असल्याची बातमी जगास प्रथम दिली ती जपान्यांच्या ताब्यांतील सायगांवच्या रेडिओनें. सरकारनें युद्धकाळाच्या नांवाखालीं आपल्याकडच्या बातमीस मे महिन्यापर्यंत कुलूप घातलें होतें. ज्या शहराचीं माणसें मेलीं त्याच शहरानें तें उघडपणें बोलूं नये, असा तो काळ होता.

दलाचा पूर्वेतिहास मी विस्तारानें सांगत नाहीं. 1803 च्या फेब्रुवारींत कोटांतल्या भयंकर आगीनें कोटाचा सुमारें तिसरा हिस्सा खाक केला, तेव्हांपासून आगीची धास्ती या शहराच्या मनांत बसली. 1888 च्या महापालिका कायद्यानें बंबखाना चालविणें हें पालिकेचें कर्तव्य ठरलें. पुढें 1907 मध्यें पहिला मोटारबंब आला आणि हळुहळू घोड्यांना रजा मिळाली. एवढें पुरे.

आजच्या अग्निशमन केंद्राचें काम पाहूं गेल्यास आग हा त्याचा केवळ एक भाग आहे. लिफ्टमध्यें अडकलेलीं माणसें, गॅसची गळती, पावसाळ्यांत उन्मळून पडलेलें झाड, विहिरींत किंवा समुद्रांत बुडालेला मनुष्य, खिडकीच्या गजांत अडकलेलें पोर, हीं सर्व प्रकरणें अखेर त्याच दारांत येतात. संक्रांतीच्या दिवसांत तर पतंगाच्या मांज्यांत पाय गुंतून झाडावर लोंबकळणारे कावळे आणि घारी सोडविण्यासाठीं शिड्या लावाव्या लागतात. एका पांखरासाठीं बंब कशाला, असें म्हणणारे लोक आहेत. माझें मत उलट आहे. ज्या गल्लींतील मुलांनीं शिडीवर चढून पक्षी सोडविणारा जवान डोळ्यांनीं पाहिला, ती गल्ली त्याला वाट देण्यास पुढें कचरणार नाहीं.

सर्वांत अवघड काम घर कोसळण्याचें. मुंबईंतल्या जुन्या चाळींच्या लांकडी तुळयांना पाणी लागलें कीं पावसाळ्यांत तें संकट येतें. ढिगाऱ्यावर मोठें यंत्र चालवितां येत नाहीं, कारण खालीं कोणी जिवंत असेल तर यंत्रच त्याला मारील. पडलेली तुळई किंवा तिरपी भिंत यांच्याखालीं कधीं कधीं पोकळी राहते व तींत माणूस तग धरून असतो. म्हणून मधून मधून सारें काम थांबवून, सर्वांना गप्प करून, हांक मारतात आणि कान देऊन ऐकतात. अशा वेळीं भोंवतालच्या गर्दीनें मौन पाळणें हीच मोठी मदत होय.

16 जुलै 2019 रोजीं डोंगरींतील केसरबाई इमारत पडली. गल्ली इतकी अरुंद कीं मोठीं वाहनें आंत शिरूं शकेनात. तेव्हां वस्तींतलीं माणसें रांगेनें उभीं राहिलीं आणि विटा, दगड, लांकडें हातोहात बाहेर देऊं लागलीं. त्या रांगेंत कोणाचा धर्म कोणता, कोणाचा धंदा कोणता, याची चौकशी कोणी केली नाहीं. नागरिकांचा सहभाग हा शब्द आपण सभांमधून फार वापरतों. डोंगरीच्या गल्लींत त्या दिवशीं तो शब्द कोणी उच्चारला नसेल, पण त्याचा अर्थ तेथें हातांनीं चालला होता.

याच्या अगदीं विरुद्ध गोष्टहि आपण करितों. गल्लीच्या तोंडाशीं दोहों बाजूंस मोटारी लावून ठेवतों. जिन्याखालीं मोडकें सामान रचतों. गच्चीच्या दारास कुलूप घालून किल्ली चिटणिसाच्या कपाटांत ठेवतों. उंच इमारतींत संकटकाळीं थांबण्यासाठीं राखून ठेवलेली मोकळी जागा कोणी तरी हळूच बंद करून घेतो. महाराष्ट्रांत 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणें इमारतींतील नळ, पंप, घंटा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावा लागतो. कागद पुष्कळ ठिकाणीं वेळेवर जातो. पंप सुरूं करून पाहिला जातो किंवा नाहीं, हें आपल्या सोसायटीच्या सभेंत एकदां विचारून पाहावें. 29 डिसेंबर 2017 च्या रात्रीं कमला मिलच्या आवारांतील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून 14 माणसें गेलीं, तीं बव्हंशीं भाजून नव्हे, तर आसऱ्यासाठीं ज्या न्हाणीघरांत शिरलीं तेथें धुरानें गुदमरून.

आणि वाट अडली म्हणून बंबवाला परत जात नाहीं, तो आंत शिरतोच. 2008 च्या नोव्हेंबरांत ताज हॉटेलांत गोळीबार चालू असतांना याच दलानें खिडक्यांना शिड्या लावून पाहुणे खालीं उतरविले. 9 मे 2015 रोजीं काळबादेवींत गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली आणि आग विझवितां विझवितां कोसळली. त्यांत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. हुकूम देणारे स्वतः आंत होते, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे.

आतां घरच्या उपयोगाच्या दोन गोष्टी. कढईंतलें तेल पेटलें तर त्यावर पाणी मुळींच ओतूं नये. पाणी तेलाहून जड. तें तळाशीं जातें, क्षणांत त्याची वाफ होते, आणि वाफेची जागा पाण्याच्या हजारपटीहून अधिक असल्यामुळें जळतें तेल छतापर्यंत उडतें. शेगडी बंद करून कढईवर घट्ट झांकण ठेवावें. हवा तुटली कीं ज्वाला मरते. घरांत धूर भरला तर उभें राहून धांवूं नये. धूर वर चढतो, श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत राहते. म्हणून वांकून किंवा रांगत दाराकडे जावें. लिफ्ट वापरूं नये. जिन्यांत धूर असेल तर खोलींतच थांबून दाराच्या फटींत ओलीं फडकीं कोंबावीं आणि खिडकींतून कापड हालवीत राहावें. बाहेरच्या माणसांना आपण कोठें आहों हें दिसलें पाहिजे.

शेवटीं दूरध्वनीविषयीं. क्रमांक 101 आहे, आणि 112 वरूनहि मदत मिळते. 1944 सालच्या घंटेप्रमाणें ‘आग, आग’ एवढेंच ओरडून फोन खालीं ठेवूं नये. इमारतीचें नांव, रस्ता, जवळची ठळक खूण, कितवा मजला, काय जळत आहे, आंत कोणी अडकलें आहे काय, गॅसचीं नळकांडीं किंवा रसायनें जवळ आहेत काय, एवढें शांतपणें सांगावें, आणि पलीकडचा मनुष्य ‘ठीक आहे’ म्हणेपर्यंत बोलत राहावें. मग घरांतल्या एका जाणत्या मुलास गल्लीच्या तोंडाशीं उभें करावें. बंब येईल तेव्हां त्याला कोणत्या दारानें वळावयाचें हें दाखविणारें कोणी तरी तेथें असलें पाहिजे.